ठेवणीतली साडी

कोर्टातल्या रांगेत माझ्यापुढे कोर्ट फी माफीचा अर्ज घेऊन एक बाई उभ्या होत्या. ठेवणीतली साडी, केसांत अबोलीचा गजरा. कारकुनाने आधी साडी पाहिली, मग उत्पन्नाचा दाखला.

"मावशी, असं नटून आलात तर साहेबांना गरीब कशा वाटाल?"

मला माझी शाळा आठवली. फी माफ व्हावी म्हणून आईने मला मुद्दाम ठिगळाचा फ्रॉक घालून हेडमास्तरांपुढे उभं केलं होतं. फी माफ झाली, पण त्या दिवशी खाली गेलेली मान वर यायला फार वर्षं लागली. दाखल्यावर शिक्का असला तरी लोकांना गरिबी अंगावर फाटलेली दिसावी लागते.

"पुढच्या तारखेला साधी साडी नेसून या," कारकून म्हणाला.

बाईंनी पदर सारखा केला. "हीच नेसणार. चांगली अशी एवढी एकच आहे."