टोकन पडलंय

माझ्या आईला वाकता येत नव्हतं आणि त्याचा संबंध सरकारच्या अर्थसंकल्पाशी होता, असं मी सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे.

आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहायचो आणि आईची शाळा पश्चिमेला. मध्ये रेल्वेचं फाटक. ते बंद असलं तरी कुणी थांबत नसे. सायकलवाले सायकल आडवी करून आणि बायका पदर खोचून दांड्याखालून वाकून जायच्या. पण संधिवाताने आईचे गुडघे धरले होते आणि कंबरही. पादचारी पुलाच्या पायऱ्या तिला चढवत नसत आणि दांड्याखालून वाकवत नसे. मग ती रिक्षात बसून फाटक उघडायची वाट बघायची. "बाई, अख्ख्या अंबरनाथमध्ये कायदा पाळणारे आपण दोघंच," रिक्षावाला म्हणायचा. आई हसायची. पण शाळेत तीन लेटमार्क झाले की अर्ध्या दिवसाची रजा कापत, आणि तिची रजा अशी फाटकात जात होती.

फाटकावर उड्डाणपूल होणार, हे ऐकत ऐकत मी चौथीतून आठवीत गेले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये बाबांच्या ओळखीचे बांधकाम खात्यातले एक कारकून संध्याकाळी मुद्दाम घरी आले. "साहेब, यंदा बजेटात पुलाला टोकन पडलंय बरं का. टोकन तरतूद!"

बाबा एका कारखान्यात स्टोअरचे अधिकारी होते. त्यांना टोकन एकच माहीत, बँकेतलं, पितळेचं. चेक द्यायचा, टोकन घ्यायचं, बाकावर बसायचं. शिपाई नंबर पुकारतो. उशीर होईल, पण टोकन हातात असलेला माणूस बँकेतून रिकाम्या हाताने परत येत नाही. त्यांनी पेढे आणले आणि मजल्यावरच्या सगळ्या घरांत वाटले. एकानेही विचारलं नाही की टोकन म्हणजे नक्की काय. मीही विचारलं नाही, मी दोन पेढे खाल्ले.

त्याच महिन्यात पश्चिमेला एक घर चालून आलं. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधले एक सिंधी व्यापारी कारखान्याला नटबोल्ट पुरवायचे. त्यांचं हे घर, आईच्या शाळेपासून दोन गल्ल्या लांब. भाव वाजवी होता. बाबा म्हणाले, "शेठ, आता पूलच होतोय. घर कशाला बदलायचं?"

"साहेब, ब्रिज बनेगा तब बनेगा," ते म्हणाले. "बाईंचे गुडघे तर आज दुखतात ना?"

रात्री जेवताना बाबांनी मला विचारलं. माझ्या सगळ्या मैत्रिणी पूर्वेला होत्या. मी म्हटलं, पूल होतोच आहे की. आईला कुणी विचारलं नाही, आणि तिनेही काही म्हटलं नाही. दोन विरुद्ध एक असं झालंच नाही, इतकं ते सोपं होतं. घर दुसऱ्याने घेतलं.

पुढच्या मार्चला पुन्हा टोकन. त्याच्या पुढच्या मार्चलाही. एका वर्षी रेडिओवर विमानतळांसाठी मोठी तरतूद झाल्याची बातमी लागली आणि बाबा खूश झाले. "विमानांसाठी एवढा पैसा काढतात, तर आपल्या एवढ्याशा पुलाला कितीसा लागणार?"

"विमानाला फाटक नसतं," आई म्हणाली.

अकरावीला मी कॉमर्सला गेले. एकदा तासाला सरांनी सहज सांगितलं, टोकन तरतूद म्हणजे नावापुरती रक्कम. कामाचं नाव अर्थसंकल्पाच्या पुस्तकातून खोडलं जाऊ नये म्हणून ठेवतात. त्या रकमेत पूल सोडाच, पुलाची पाटीसुद्धा होत नाही. घरी येऊन मी बाबांना सांगितलं. त्यांनी पेपरची घडी घातली.

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"दुसऱ्या वर्षी कळलं. तोवर ते घर गेलं होतं." मग हळूच म्हणाले, "आईला सांगू नकोस."

मला त्यांचा इतका राग आला की महिनाभर मी धड बोलले नाही. स्वतःचा राग यायला मात्र बरीच वर्षं जावी लागली. दोन पेढे खाल्लेली मीही होतेच.

मी बारावीत असताना आईने नोकरी सोडली. निवृत्तीला अजून आठ वर्षं होती. निरोपाचा समारंभ सकाळची शाळा सुटताना होता. मी तिच्याबरोबर रिक्षाने निघाले, आणि नेमकी एक मालगाडी फाटकावरच येऊन उभी राहिली. अर्धा तास झाला तरी हलेना. शेवटी गाडी सरकली, पण दांडा काही वर गेला नाही. "तू हो पुढे," आई म्हणाली. "त्यांना थांबायला सांग." मी दांड्याखालून वाकले, पलीकडच्या दांड्याखालून वाकले आणि धावत सुटले. मला वाकता येत होतं.

मुख्याध्यापिकांनी जमेल तितकं थांबवलं. पण दुपारच्या शाळेची मुलं दारात येऊन उभी होती. आई पोचली तेव्हा तिच्या वर्गात दुसरीच मुलं बसली होती आणि फळ्यावरचं 'बाई, आम्हाला विसरू नका' एक मुलगी पुसत होती. 'विसरू नका' तेवढं उरलं होतं. आईने ते वाचलं आणि "चल" म्हणाली. मुख्याध्यापिकांनी हातात दिलेला हार तिने रिक्षात मांडीवर ठेवला. परतीच्या वाटेवर फाटक उघडं होतं.

पुढच्या मार्चला बाबांनी सवयीने पेपर उघडला. कुठल्यातरी कोपऱ्यात आमच्या पुलाचं नाव होतं. त्यांनी मोठ्याने वाचलं, "यंदाही टोकन आहे."

आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"नंबर पुकारला तर सांगा त्यांना," ती म्हणाली, "बाई उठून गेल्या."

म्हणजे तिलाही माहीत होतं. कधीपासून, ते विचारायची आमची छाती झाली नाही. बाबा उठून मोरीत गेले आणि नळ सोडून कितीतरी वेळ तोंड धूत राहिले.