कारण न देता

"अगं ये ना वर! लाजतेस काय? सगळी आपलीच माणसं आहेत."

मॅडम माईकवरून असं म्हणाल्या आणि अख्खा हॉल मागे वळून माझ्याकडे बघायला लागला. ठाण्यातल्या आमच्या विद्यापीठाचा हॉल, यंत्र पाहुण्यांना दाखवायचा कार्यक्रम. पहिल्या रांगेत पाहुणे, त्यांच्यापुढे काजूच्या बशा. मी मागे भिंतीला टेकून उभी होते, हातात लॅपटॉपची वायर. स्टेजवर आमचं यंत्र मांडलेलं. मूल उभं करायला एक पाट, पाठीमागे उंचीची पट्टी, समोर कॅमेऱ्याचा टॅबलेट आणि वर दोन दिवे, एक लाल, एक हिरवा. मूल पाटावर उभं राहिलं की कॅमेरा बघतो आणि सांगतो, मूल ठीक आहे की अशक्त. तो कॅमेरा कसा बघतो, ते मी लिहिलंय. चार वर्षं लिहितेय. माझी पीएचडी त्याच्यावरच आहे.

मला वाटलं, यंत्राबद्दल बोलायला बोलावतायत. चार विभागांचा मिळून प्रकल्प होता. पाट इंजिनीअरिंगवाल्यांनी बनवला, प्रोग्रॅम कॉम्प्युटरचा म्हणजे माझा, आयांना समजावायची चित्रं शिक्षणशास्त्राच्या मुलींनी काढली आणि तपासायला बालरोगाचे डॉक्टर. मॅडम सगळ्यांच्या वर, आणि माझ्या पीएचडीच्या गाईड. मघाशीच त्यांनी पाहुण्यांना अभिमानाने सांगितलं होतं, "एकाही आईने आम्हाला नकार दिला नाही. एकही आई मध्येच बाहेर पडली नाही." ते वाक्य ऐकून मी हातातली वायर उगाच गुंडाळत राहिले होते. का, ते पुढे सांगते.

मी पायऱ्या चढले आणि पडद्यावर माझं कार्ड आलं.

माझं म्हणजे मी तान्ही असतानाचं. आंबिवलीच्या अंगणवाडीतलं, पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं. वर आईचं नाव, आडनावासकट. धंदा, मजुरी. खाली वजनाचा तक्ता आणि त्यात माझ्या वजनाची टिंबं, सगळी शेवटच्या रेषेच्या जवळपास लोळत पडलेली. कुणीतरी त्या टिंबांभोवती जाड लाल गोल काढला होता. खाली मोठ्या अक्षरात, "इथून पीएचडीपर्यंत".

"ही मुलगी तिसऱ्या श्रेणीतलं कुपोषित बालक होती," मॅडम म्हणाल्या. "आज माझी विद्यार्थिनी आहे. ह्यांच्यातली मुलं फार जिद्दी असतात. चला, आज आपण हिलाच मोजू या."

आणि मी चपला काढल्या.

हे मला अजून पचत नाही. कुणी हात धरून ओढलं नव्हतं. नाही म्हणता आलं असतं. पण मी चपला काढल्या, बाजूला नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी त्या पाटावर जाऊन उभी राहिले, मागच्या पट्टीला टाचा लावून, पोरांना उभं करतो तशी. ओंकार टॅबलेटपाशी होता. ओंकार म्हणजे इंजिनीअरिंगचा, नौपाड्याचा. पाट त्याने केला, दिवे त्याने लावले. त्या दिवशी यंत्राची माहिती सांगायलाही तोच होता, ब्लेझर घालून.

हिरवा दिवा लागला. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतले एक डॉक्टर म्हणाले, "आता हिला डाएटिंग करावं लागेल." हशा. मॅडमही हसल्या.

आता खरं सांगते. त्या यंत्रात माझ्या वयाचा तक्ताच नाही. पाच वर्षांवरच्या माणसाला ते ओळखत नाही. तक्ते मीच भरलेत, मला माहीत नसणार तर कुणाला? हिरवा दिवा ओंकारने बटण दाबून लावला. म्हणजे मी पास झाले ते पण खोटंच.

खाली आल्यावर तो म्हणाला, "दिल पे मत ले यार, डेमो होता फक्त." मी चपला घालत होते. बक्कल लागेना.

ते कार्ड मॅडमकडे गेलं कसं? मीच दिलं. त्या कार्यक्रमाच्या दोन महिने आधी एकदा त्यांच्या केबिनमध्ये चहा पिताना मी त्यांना माझी गोष्ट सांगितली. त्यांनी आपुलकीने विचारलं होतं, हा विषय का घेतलास म्हणून. चार वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं. मी बोलून गेले. आई वीटभट्टीवर होती. अंगणवाडीत तपासणीला साहेब लोक आले की सगळ्यांसमोर पोरांचे कपडे काढायचे, छताला टांगलेल्या काट्याच्या झोळीत घालायचे, नि काटा हलला नाही की आईला बोलणी. "खायला घालत नाहीस का गं? पोर काढायचं कळतं, पोसायचं कळत नाही?" भोवताली ओळीने बायका उभ्या. आई खाली मान घालून मला परत झबलं चढवायची. मला आठवत नाही, मी फार लहान. पण आईने ते इतक्या वेळा सांगितलंय की मला ते दिसतं.

म्हणून हा विषय घेतला. मूल नागडं न करता मोजता यावं. आईच्या कानात सांगता यावं, चार बायकांसमोर नाही. एवढंच हवं होतं मला.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणाल्या, "ते कार्ड आण ना, जुने तक्ते यंत्राला वाचता येतात का बघू. टेस्टिंगपुरतं." आईने ते पत्र्याच्या पेटीतून, तिच्या लग्नाच्या साडीच्या घडीतून काढून दिलं. "दोन दिवसांत आण," बोलली. "तू जगलीस त्याचा कागद आहे तो."

आणि आता मॅडमच्या त्या वाक्याबद्दल, एकही आई बाहेर पडली नाही.

मुलं मोजायला आम्ही टिटवाळ्याच्या पुढच्या भट्ट्यांवर जायचो. मोजण्याआधी आईची संमती घ्यायची असते, सही किंवा अंगठा. मॅडमचा फॉर्म असा होता की मलाच दोनदा वाचावा लागला. मी तो साध्या भाषेत उतरवला. त्यात एक वाक्य आहे, प्रत्येक संशोधनात असतंच. "मी कधीही, कोणतंही कारण न देता, या अभ्यासातून बाहेर पडू शकते." आणि अगदी शेवटच्या पानावर बाहेर पडायचा अर्ज. ते पान नेहमी कोरंच राहायचं. ते वाक्य मी इतक्या बायकांना वाचून दाखवलं की झोपेतही म्हणेन. त्या अंगठा उठवायच्या आणि परत विटा थापायला जायच्या.

एकच जण मध्येच थांबली. संगीता. माझ्याच वयाची असेल. "कारण नाही द्यायचं? आणि तुम्ही ऐकणार?"

"हो," मी म्हणाले.

तिच्या मुलाला पाटावर उभं केलं आणि लाल दिवा लागला. सोबत टीं टीं असा आवाज. तो दिवा आणि आवाज मला नको होता. मी सांगितलं होतं की निकाल फक्त टॅबलेटवर दिसू दे. ओंकार म्हणाला, लांबून दिसलं नाही तर इम्पॅक्ट काय? मॅडमना ते पटलं. मी गप्प बसले. तर भट्टीवर तो दिवा लागला आणि रांगेतल्या सगळ्या बायकांनी संगीताकडे पाहिलं. तिच्या सासूने तिथल्या तिथे तोंड सोडलं. संगीताने पोराला कडेवर घेतलं, मान खाली घातली.

ती मान मला ओळखीची वाटली. पण काटा टांगणारी या वेळी मी होते.

थोड्या वेळाने ती माझ्याकडे आली. "ताई, तू बोललीस ना, कधी पण निघता येतं? मग मी निघते. माझ्या पोराला काढ त्यातून. फोटो पण काढून टाक."

मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अगं, असं एकेक सोडत बसलो तर झालंच. राहू दे डेटा. त्यांना काय कळणार आहे?"

मी फोन ठेवला आणि संगीताला म्हणाले, "काढलं."

खोटं बोलले. तोंडावर. तिचा मुलगा तसाच राहिला, फोटोसकट. मॅडम स्टेजवर म्हणाल्या ना, एकही आई बाहेर पडली नाही? तर ती आई मी आत कोंडून ठेवली होती. आणि त्याच पडद्यावर पाच मिनिटांनी माझी आई आली. संगीतासाठी मी निदान मॅडमना फोन तरी केला होता. आम्हाला विचारायला तोही नाही. आम्हाला काय कळणार आहे!

त्या दिवशी घरी गेले तर आईने पहिलं तेच विचारलं, "कार्ड आणलंस?" मी सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं, मग विचारलं, "माझं नाव पण होतं वरती?"

"हो."

"सगळ्यांनी वाचलं?"

मी मान हलवली. ती परत भाजी निवडायला लागली, पण निवडलेली मेथी देठांत टाकत होती. तेव्हा माझं डोकं फिरलं. स्टेजवर फिरायला हवं होतं, तिथे नाही फिरलं. मला माझीच लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला.

रविवारी मी एकटी भट्टीवर गेले. संगीताला सांगितलं, "त्या दिवशी मी खोटं बोलले. काढलं नव्हतं." तिने माझ्याकडे असं पाहिलं की शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी शेवटचं पान तिला वाचून दाखवलं. तिने मातीचा हात साडीला पुसला आणि अंगठा उठवला. अंगठ्याच्या बाजूने कागदाला माती लागली. "या वेळी काढशील ना खरंच?" एवढंच विचारलं. विश्वास नव्हताच तिचा. का असावा?

दुसरं पान घरी भरलं. लहान मुलाच्या वतीने आईची सही लागते. तो तक्ता माझ्या लहानपणचा, म्हणून सही आईची. ती सही करायला माझ्याबरोबर शिकली, माझ्या पहिलीच्या पाटीवर. तिने पेन घट्ट धरून पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट.

सोमवारी मी दोन्ही पानं मॅडमच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"बाहेर पडायचे अर्ज, मॅडम. एक संगीताचा, एक माझ्या आईचा."

त्यांनी वाचले. चष्मा काढला. "कारण काय?"

"कारण द्यायचं नसतं, मॅडम. फॉर्ममध्ये लिहिलंय."

त्यांनी चष्मा परत घातला. मग त्यांचा आवाज एकदम गोड झाला. "अगं, मी तुझं कौतुक केलं चारचौघांत. तुझ्यासाठी मी किती केलंय, विसरलीस? तुला वाईट वाटलं असेल तर तसं सांग ना. काय खटकलं?"

आणि मला बोलायचं होतं. काट्याबद्दल, चपलांबद्दल, आईच्या मेथीबद्दल, सगळं त्यांच्या टेबलावर ओतावंसं वाटत होतं. पण मागच्या वेळी त्यांच्यासमोर ओतलेलं पडद्यावर गेलं होतं.

"आईचं कार्ड द्या," मी म्हणाले.

त्यांनी ड्रॉवरमधून कार्ड काढून टेबलावर टाकलं. ते सरकत माझ्याकडे आलं. "तुझ्या थिसिसवर माझी सही लागणार आहे. लक्षात ठेव."

"लक्षात आहे, मॅडम."

बाहेर येऊन मी लॅपटॉप उघडला आणि संगीताच्या मुलाची नोंद पुसली. फोटोही. सगळे निकाल परत काढायला लावले. नंतर दोन्ही अर्जांच्या प्रती विद्यापीठाच्या नीती समितीत, म्हणजे एथिक्स कमिटीत दिल्या, सोबत एक पत्र. एक आई बाहेर पडली होती, मला ते माहीत होतं, आणि तरी मी तिला मोजण्यात ठेवलं, असं त्यात लिहिलं. माझ्या नावाने. पोचशिक्का मारून घेतला.

आता लॅबमध्ये माझ्याशी कुणी फारसं बोलत नाही. ओंकार एकदा म्हणाला, "तूने अपनेच पाँव पे कुल्हाडी मारली यार." असेल. लाल दिव्याची वायर मी काढून टाकली, आवाजाचीही. तो म्हणाला, डेमो बेकार होईल. होऊ दे.

भट्टीवर मी अजून जाते. अभ्यास माझा आहे, तो मी कुणाला देऊन जाणार नाही. पण फॉर्म आता उलटा वाचते. शेवटचं पान पहिलं. बाहेर कसं पडायचं ते आधी, मग आत यायचं की नाही ते. काही बायका ऐकून उठून जातात. मुलं कमी मिळतात. मी तेवढीच मोजते.

थिसिस लिहून तयार आहे. सहा महिने मॅडमच्या टेबलावर पडलाय. मधे एकदा त्यांनी निरोप पाठवला, एकदा येऊन नीट बोल, असं का वागलीस ते सांग, मग सहीचं बघू.

हे सगळं तुम्हाला सांगितलं. त्यांना सांगणार नाही. त्यांनी अजून सही केलेली नाही आणि मी अजून कारण दिलेलं नाही.

देणारही नाही.