पाठीतला एक इंच

"ताई, इचारायलाव का सांगायलाव?"

पिंपरी कॅम्पाजवळच्या अरुंद गल्लीतले आमचे मास्तर प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी हे विचारायचे. कात्री खाली ठेवून, चष्म्याच्या वरून बघत उत्तराची वाट पाहायचे. तुम्ही विचारत असाल, तर स्टूल पुढे सरकवून सगळं समजावायचे. सांगत असाल, तर निमूट तसं शिवून द्यायचे. असा एखादा शिंपी तुम्हीही पाहिला असेल.

मूळचे लातूरकडचे. तरुणपणी देहूरोडला फौजी लोकांचे गणवेश शिवायचे, त्यामुळे कोटावर हात बसलेला. माप घेताना माणसाला हात वर करायला लावत, वाकायला लावत. "उभ्या माणसाचं माप कुणीबी घेईल. माणूस दिवसभर उभाच ऱ्हातो का?" एकदा एका जाड गृहस्थांना त्यांनी बुटाची लेस बांधायला लावली. गृहस्थ वाकले ते उठेनात. मास्तरांनी हात देऊन उठवलं आणि कमरेच्या आकड्यात दोन इंच वाढवले.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्या कॉलनीतल्या हौशी मंडळींनी घाटात रेल्वेचे बोगदे खोदणाऱ्या मजुरांवर नाटक बसवलं होतं. दीडशे वर्षांपूर्वीचा काळ. त्यातल्या मुकादमाला जुन्या धाटणीचा डगला हवा होता आणि कपड्यांची जबाबदारी माझ्याकडे होती. इंटरनेटवर मला तशा डगल्याचा कागदी खाका सापडला. तो छापून, कागद चिकटवून मी मास्तरांकडे नेला.

त्यांनी तो टेबलावर पसरला आणि भोवती दोन फेऱ्या मारल्या. "हा सहा फुटी गोऱ्याचा हाय. आपला मुकादम केवढा?"

आमचा मुकादम बुटका आणि पोटाने सुटलेला होता. मास्तर आठवडाभर त्या खाक्याशी झगडले. कुठे घडी घालून लांबी कमी केली, कुठे कागद कापून मध्ये पट्टी चिकटवली, खांदे उतरते केले. मग जुन्या चादरीचा कच्चा डगला शिवून नटाच्या अंगावर चढवला. नटाने हात वर केले, तलवार फिरवल्यासारखे गरगर फिरवले. कुठेही ओढ बसली नाही. मास्तर लहान मुलासारखे हसले.

मी मात्र त्या काळातल्या एका मुकादमाचा जुना फोटो समोर धरून बसले होते. फोटोतल्या माणसाची पाठ चापूनचोपून बसलेली आणि आमची सैल.

"मास्तर, पाठीत एक इंच कमी करा. आणि शिवणीत माया ठेवू नका, जाड दिसते."

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला मास्तर लोक माया म्हणतात. कधी उसवावं लागलं, तर तेच उपयोगी पडतं.

त्यांनी कात्री खाली ठेवली. "इचारायलाव का सांगायलाव?"

"सांगतेय," मी म्हणाले.

त्यांनी खाक्याच्या पाठीला घडी घातली.

प्रयोगात मुकादम बोगद्याच्या तोंडाशी उभा राहून मजुरांना अडवतो. नटाने दोन्ही हात वर केले आणि डगला मानेपासून कमरेपर्यंत फाटला. तेव्हा तो प्रेक्षकांकडे पाठ करून उभा होता. नाटकातल्या सगळ्यात गंभीर जागी सभागृह खो खो हसलं. पुढे ते सावरलंच नाही.

पडदा पडल्यावर दिग्दर्शकाने विचारलं, "हे झालं कसं?"

दिवसभर मापं तपासून लोकांचा माल परत पाठवणारी मी. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "मास्तरांनी कापताना घोळ केला."

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक मला घेऊन दुकानात गेला. फाटका डगला टेबलावर टाकून तो म्हाताऱ्या माणसाला नको नको ते बोलला. मी अस्तरांच्या गठ्ठ्याशी उभी होते. मास्तरांनी उसवलेली पाठ हातात घेतली, अंगठ्याने शिवण चाचपली आणि एकदाच माझ्याकडे पाहिलं.

"चुकलं," ते म्हणाले. "कापड मीच कापलं."

कॉलनीतल्या इतर मंडळांनीही त्यांना काम द्यायचं बंद केलं. मी त्या गल्लीतून जाणं सोडलं.

वर्षभराने एका तालमीत मी सगळ्यांसमोर खरं सांगितलं. वाटलं होतं, कुणीतरी चिडेल. दिग्दर्शक म्हणाला, "जाऊ दे गं, कधीचं काय घेऊन बसलीस." आणि तालीम पुढे सुरू झाली.

त्याच आठवड्यात दुकानाकडे गेले. तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. शेजारच्या बटणवाल्याने मास्तरांच्या मुलीचा नंबर दिला. ते लातूरला तिच्याकडे राहायला गेले होते.

"बाबांना आताशा काही लक्षात राहत नाही," मुलगी म्हणाली. "देते, बोला."

"मास्तर, मी नाटकाच्या डगल्यावाली."

त्यांचा आवाज एकदम उजळला. "ताई! कसं झालं नाटक? डगला बसला का नीट?"

किती दिवस घोकलेलं वाक्य होतं माझं. तोंडाशी आलं होतं.

"बसला, मास्तर," मी म्हणाले. "छान बसला."

त्यांनी फोन बाजूला धरला असावा. लांबून मुलीला सांगताना ऐकू आले, "बसला मनतेत. मनलं नव्हतं तुला?"