फायर बंद

डेल्मर स्टॅगनरच्या नेमबाजीच्या मैदानावर बावीस वर्षांत कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. बिशप्स फोर्क गावात त्याचा विषय निघाला की लोक आधी हेच सांगत. डेल्मर मात्र त्याचं श्रेय एका नियमाला द्यायचा. मैदानावर कुणीही, अगदी पहिल्याच दिवशी आलेली एखादी म्हातारीसुद्धा, 'फायर बंद!' म्हणाली, की सगळ्यांनी हातातलं काम टाकायचं. बोट चापावरून बाहेर, नळी खाली, पिस्तूल टेबलावर, दोन पावलं मागं. का म्हणून ते नंतर विचारायचं. कुणी कॉफी ओतत असताना, कुणी हसत असताना तो मध्येच ओरडायचा आणि हातातल्या घड्याळावर वेळ मोजायचा. एकतीस वर्षं त्यानं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या होत्या. तो म्हणायचा, "विचार करून दाबावा लागतो तो ब्रेक कसला?"

ट्वायला लॉकबी एकोणीसची असल्यापासून त्याच्याकडे शिकत होती. आता ती तेहतीसची, दाताच्या दवाखान्यात फोन घेणारी. ब्रेंटही तिला याच मैदानावर भेटला; शेजारच्या टेबलावर शिकत होता. त्यांच्या लग्नाचा केक डेल्मरच्या बायकोनं, ओपलनं, केला होता. सहा वर्षांनी ब्रेंटनं ट्वायलाचा जबडा मोडला आणि तो तुरुंगात गेला. येत्या शुक्रवारी तो सुटणार असल्याचं पत्र तिला आलं होतं.

सोमवारी ती आली ती थेट कोठारामागं, जिथं डेल्मर फळ्यांच्या दोन खोल्या ठोकत होता.

"मिस्टर डेल्मर, कागदावरच्या माणसाला मी मारू शकते. चालत येणाऱ्याला मारता येईल का, ते बघायचंय मला."

"कोर्टाचा हुकूम आहे ना? त्यानं लांब राहायचं असा?"

"आहे. फ्रिजवर चिकटवलाय. शेरीफच्या पोलिसांची गाडी यायला चाळीस मिनिटं लागतात."

डेल्मरनं हातोडी ठेवली. या खोल्या त्यानं त्यासाठीच बांधायला घेतल्या होत्या. उन्हाळ्यात तो आठवडाभर बाहेर जाऊन हे नवं शिक्षण घेऊन आला होता: खऱ्यासारखी खोली, खऱ्यासारखा माणूस, आणि रंगाची गोळी मारणारं पिस्तूल. हल्ला करणारा तोच व्हायचा. अंगात जाड गाद्यांचा पोशाख, डोक्यावर जाळीचं शिरस्त्राण.

"गादीच चालत सुटल्यासारखी दिसते," ओपल खुर्चीतून म्हणाली.

मंगळवारी ट्वायलानं त्याच्या छातीवर दोन निळे ठिपके उठवले, पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये ठेवलं आणि धावत जवळ आली. "लागलं का हो?"

"अगं पोरी," ओपल ओरडली, "चोराला आता मलमही लावतेस का?"

तिघंही हसले. संध्याकाळपर्यंत ती सुधारली. दारात सावली दिसली की सोफ्यामागं जायची, गोळ्या मारल्यावरही पिस्तूल रोखून धरायची, दुसरा कुणी आहे का ते बघायची. डेल्मरला वाटलं, शुक्रवारपर्यंत होईल.

बुधवारी सकाळी आत शिरताना त्याच्या शिरस्त्राणाची जाळी सटकली. डोळे उघडे पडले. तो सवयीनं ओरडला, "फायर बंद!"

ट्वायलाचं पिस्तूल टेबलावर होतं. ती दोन पावलं मागं उभी होती.

"शाब्बास!" तो जाळी बसवत म्हणाला. "पाऊण सेकंदसुद्धा लागला नाही."

ती हसली नाही. टेबलाकडे बघत म्हणाली, "आणि ब्रेंट हेच ओरडला तर?"

डेल्मरचे हात जाळीवरच राहिले.

"त्याला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तो इथलाच आहे."

मग त्यांनी शब्द बदलला. खरंच थांबायचं असेल तर 'भोपळा' म्हणायचं. तो ओपलनं सुचवला. 'फायर बंद'ला आजपासून काही अर्थ नाही. ट्वायलानं मान डोलावली, मोठ्यानं म्हणूनही दाखवलं. डेल्मर दार लोटून आत आला, ओरडला, आणि पिस्तूल टेबलावर.

पुन्हा. टेबलावर.

त्यानं टेबल बाहेर काढलं. तिनं पिस्तूल जमिनीवर ठेवलं. नवव्या वेळी तिनं ते हातात धरून ठेवलं, पण बोट चापापर्यंत पोचेना. डेल्मरनं घड्याळ पाहिलं: दीड सेकंद. एकवीस फुटांवरचा माणूस तेवढ्यात अंगावर येतो. हे तोच दर शनिवारी शिकवत असे.

"कानात बोळे घालू का?" तिनं विचारलं.

"मग दार उघडलेलं कसं ऐकशील?"

गुरुवारी त्यानं तिला शंभर वेळा गोळ्या मारायला लावल्या आणि शंभर वेळा तो पाठीमागून ओरडला. त्याचा घसा बसला. ऐंशीच्या पुढं तिला रडू येऊ लागलं, तरी हात मात्र दर वेळी व्यवस्थित थांबत होते. इतके नीटनेटके हात त्यानं दुसऱ्या कुणाचे घडवले नव्हते.

"पिस्तूल घरी ठेवू नकोस," शेवटी तो म्हणाला. "आमच्याकडे राहायला या, तू आणि तुझी आई."

"आई? तिचं ऑक्सिजनचं यंत्र? ती अंगणातसुद्धा येत नाही."

"मग मी येऊन बसतो."

"किती दिवस?"

डेल्मर गाद्यांच्या पोशाखाची बक्कलं सोडत राहिला.

शुक्रवारी तो तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. शनिवारी वर्ग रद्द केला, बावीस वर्षांत पहिल्यांदा. रविवारीही बसला. ट्वायलाच्या आईनं त्याला पत्त्यांत सात वेळा हरवलं. ब्रेंट आला नाही. सोमवारी ट्वायला म्हणाली, "माझी खुर्ची झिजवाल तुम्ही. उद्या ओपलला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय ना? जा आता."

तो गेला.

मंगळवारी सकाळी ओपल गाडीत जाऊन बसली होती आणि तो किल्ल्या शोधत होता, तेव्हा फोन वाजला.

"मिस्टर डेल्मर, तो येऊन गेला."

"तुला काही...?"

"नाही. हातही लावला नाही." तिचा आवाज दवाखान्यात फोन घेते तसा सपाट होता. "मागच्या दारानं आला. मी पिस्तूल काढलं होतं. वेळेवर काढलं. मध्ये सोफाही ठेवला."

"मग?"

"ओरडलासुद्धा नाही तो. हळूच म्हणाला. शनिवारी तुम्ही एखाद्या नव्या माणसाला सांगता ना, तसं." ती थांबली. "मी टेबलावर ठेवलं. दोन पावलं मागं झाले. आई बघत होती."

डेल्मरनं भिंतीला हात टेकला.

"त्यानं उचललं. नळी खाली धरून आत गोळी आहे का ते बघितलं, तुम्ही शिकवलंत तसंच. म्हणाला, बरं झालं, तुरुंगात जाऊन आल्यावर मला आता दुकानात कुणी विकत देणार नाही. आणि गेला."

"कुठं?"

"माहीत नाही. शेरीफ निघालेत म्हणे." मागं तिच्या आईच्या यंत्राचा फसफस आवाज येत होता. "तुम्हाला नमस्कार सांगितलाय त्यानं."

किल्ल्या फोनशेजारीच पडल्या होत्या. डेल्मरनं त्या उचलल्या.

"मिस्टर डेल्मर, आता मी काय करू?"

त्यानं तोंड उघडलं. दार लाव, म्हणावंसं वाटलं. ते तिनं लावलंच असणार. आम्ही येतो, म्हणावंसं वाटलं. येऊन काय करणार? रिकाम्या हातांनी उभं राहायचं? आणि हातात पिस्तूल घेऊन उभा राहिलो, तर तो मलाही हळूच तेच म्हणणार नाही का?

"आहात ना?" ती म्हणाली.

"आहे."

"बरं. ठेवते. शेरीफचा फोन येईल." आणि तिनं ठेवला.

तो बाहेर येऊन गाडीत बसला. ओपलनं डोळ्यांवर हाताची सावली धरून विचारलं, "कोण होतं रे?"

त्यानं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. डॉक्टरांकडे जायचा रस्ता डावीकडे होता, ट्वायलाचं घर उजवीकडे. डेल्मर दोन्ही हातांनी चाक धरून बसला होता, आणि गाडी अंगणातच घरघरत उभी होती.