काचेखालचं टरबूज

अंबादास बोरकुटे घरातून निघण्याआधी पायरीवर उभा राहून सगळे खिसे उलटे करायचा. आधी शर्टाचा, मग पँटचे दोन्ही. तो दारूगोळ्याच्या कारखान्यात बारूद भरायच्या विभागात होता. तिथे कुणाच्या खिशात चुकून आगकाडी राहिली तर काय होईल, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. स्वतः तो बिडी ओढत नसे. तरी खिसे उलटे करायचा, परत आत घालायचा आणि मगच पायरी उतरायचा. आमच्या आणि त्यांच्या क्वार्टरची भिंत एकच, त्यामुळे हे मी वर्षानुवर्षं पाहत आले. दिलेला हुकूम दिल्यासारखा पाळणारा, आवाज न चढवणारा, सुट्टीच्या दिवशी नर्मदेच्या ग्वारीघाटावर डुबकी मारून ओल्या धोतरानेच परतणारा असा तो माणूस.

पासष्टची लढाई लागली आणि कारखान्यात दुहेरी पाळ्या सुरू झाल्या. अंबादासची बायको इंदिरा तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. भाद्रपदातल्या एका सकाळी ती त्याला म्हणाली, "मला टरबूज खावंसं वाटून राहिलं."

अंबादास हसला. "भादव्यात टरबूज? नर्मदेची वाळू तरी दिसून राहिली का कुठे? सगळी पाण्याखाली."

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. त्याने खिसे पाहिले आणि तो निघून गेला. महिना संपायच्या आत इंदिराचं मूल पोटातच गेलं. अंबादासच्या आईने पदराने डोळे पुसत एवढंच म्हटलं, "डोहाळा राहिला हिचा." तिच्या मनात कुणाला बोल लावायचं नव्हतं. पण अंबादासला ते लागलं. पुढच्या उन्हाळ्यात टरबुजांची हातगाडी गल्लीत आली की तो रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागला.

एकाहत्तर साली इंदिराला पुन्हा दिवस राहिले. या वेळी अंबादास तिच्या मागण्याची वाट पाहत बसला नाही. तिचे भरत आलेले दिवस थंडीत पडत होते आणि थंडीत बाजारात टरबूज नसतं. म्हणून नवरात्रात तो ग्वारीघाटावर नथ्थूकडे गेला. नथ्थू नाव चालवायचा आणि पाणी ओसरलं की वाळूत टरबुजं लावायचा.

"भैया, जाड़े में तरबूज?" नथ्थू म्हणाला. "बेल ठिठुर जाएगी."

"वेल गारठू द्यायचा नाही. काय करू ते सांग."

नथ्थूने बी दिलं आणि ऊब कशी धरायची तेही सांगितलं. अंबादासने बी कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधलं आणि ती पुरचुंडी चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली. मागच्या अंगणात दक्षिणेचं ऊन येणाऱ्या भिंतीपाशी खड्डा खणला. टांग्यांच्या अड्ड्यावरून घोड्याची लीद आणून खड्ड्यात भरली, वर माती. लीद आतून तापते आणि मुळांना ऊब देते. गढ्याच्या टेकड्यांकडून काळे दगड सायकलवर आणून वाफ्याभोवती लावले. ते दिवसा तापत आणि संध्याकाळी बराच वेळ कोमट राहत. वर जुन्या खिडक्यांची तावदानं विटांवर तिरपी टेकवली. वेल आला तेव्हा कार्तिक लागला होता आणि मधमाशा दिसेनाशा झाल्या होत्या. अंबादास कामावर जाण्याआधी नरफूल खुडायचा आणि ज्या फुलाच्या बुडाशी बारीक गाठ असेल त्यात ते हलकेच फिरवायचा. फळं तीन धरली. दोन त्याने स्वतःच काढून टाकली, सगळा जोर एकालाच मिळावा म्हणून.

त्या एकासाठी घरात एक कडक नियम होता. कोवळ्या फळाकडे बोट दाखवलं की ते सडतं, असं आमच्याकडे मानतात. दाखवायचंच झालं तर बोट मुडपून. अंबादासच्या आईने तो नियम आणखी ताणला. गरोदर बाईने वेलाजवळ जायचंही नाही. अंबादासने तो कारखान्याच्या हुकमासारखा उचलला.

"माझ्यासाठी लावला म्हणता, आणि मीच जायचं नाही?" इंदिरा विचारायची.

"थोडे दिवस," तो म्हणायचा.

मग डिसेंबरच्या सुरुवातीला पुन्हा लढाई जाहीर झाली. पुन्हा दुहेरी पाळ्या आल्या. अंबादास उजाडायच्या आत जायचा आणि दिवेलागण होऊन गेल्यावर यायचा. गावात ब्लॅकआउट. आमच्या गल्लीचा वॉर्डन होता बंडू, एरवी पोस्टातला कारकून. दंडाला पट्टी आणि गळ्यात शिट्टी आल्यापासून तो ताठ चालू लागला होता.

"अंबादासजी," एका रविवारी तो कुंपणावरून म्हणाला, "तुमच्या अंगणात चांदण्यात काचा अशा चमकून राहिल्या की विमानवाल्याला पत्ता विचारायलाच नको. दिवस बुडायच्या आत झाकत जा जी."

"दिवस बुडतो तेव्हा मी कुठे घरी असतो?"

"मग वहिनींना सांगा."

आईचे गुडघे गेलेले, आणि इंदिराला सांगायचं नाही हे ठरलेलं. दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी त्याने सगळ्या काचांना डांबराचा जाड हात दिला. हुकूम पुरा झाला. आत आता दिवसाही अंधारच राहणार, हे इतक्या जपणुकीने वेल वाढवणाऱ्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. तो स्वतःच दिवस पाहत नव्हता.

ध्यानात आलं इंदिराच्या. स्वयंपाकघराच्या दारातून तिला कडेची पानं पिवळी पडलेली दिसली. नवरा गेला आणि सासू माळ घेऊन बसली की ती अंगणात जाई, एकेक काच उचलून भिंतीला टेकवी आणि ऊन कलल्यावर परत लावी. ती आठव्या महिन्यात होती. मला कळलं ते एका दुपारी, धप्प असा आवाज आला तेव्हा. मी धावले. इंदिरा वाफ्याशेजारी बसली होती, मांडीवर आडवी काच, चेहरा पांढरा.

"बाई, कळ येऊन राहिली," ती म्हणाली.

मी तिला मागच्या दाराशी खाटेवर निजवलं आणि बंडूला कारखान्याच्या फाटकावर पिटाळलं. दवाखान्यातली नर्स लतिका गल्लीतच राहायची, ती आली. तिने तपासलं आणि सांगितलं, बाळाची हालचाल आहे, पण कळा थांबल्या पाहिजेत. जरासुद्धा उठायचं नाही, काही उचलायचं नाही, आणि जवळ कुणीतरी बसून राहायचं.

अंबादास आला तेव्हा धापा टाकत होता. त्याला पुढच्या भोंग्यापर्यंतच सोडलं होतं.

"बोटसुद्धा दाखवू नको म्हटलं, तर ही काचा उचलून राहिली!" आई रडवेल्या आवाजात म्हणाली.

"काहून उचलल्या?" अंबादासने विचारलं. तो रागावला नव्हता, घाबरला होता.

"वाळून चालला होता वेल. तुम्ही अंधारात जाता, अंधारात येता. तुम्हाला कसा दिसणार?"

"मरू द्यायचा होता. तुझ्याहून मोठा आहे का तो?"

"मोठा तर तुम्हीच केला जी." इंदिरा थांबली. कळ ओसरू दिली. "मला टरबूज त्या पहिल्या खेपेलाही नको होतं."

अंबादास खाटेच्या कडेला टेकला.

"तेव्हा पोटात कसंतरी होत होतं. भीती वाटून राहिली होती. थांबा म्हटलं असतं तर तुम्ही थांबला नसता, लढाई होती. म्हटलं, सहज मिळणार नाही असं काही मागावं. शोधायला तरी तुम्ही एक दिवस कामावर जाणार नाही."

आईची माळ थांबली. मी निघायला हवं होतं, पण इंदिराने माझा हात धरला होता.

भोंगा झाला. अंबादास सवयीने उठला, पायरीवर गेला आणि त्याने खिसे उलटे केले. तसाच उभा राहिला. दुसरा भोंगा होऊन गेला तरी त्याचे दोन्ही खिसे बाहेर लोंबत होते. मग तो परत आला आणि खाटेपाशी जमिनीवर बसला.

ऊन कलू लागल्यावर इंदिरा म्हणाली, "काचा लावा आता. ती नाही, ती दुसरी. फळावर ऊन पडून राहिलं तिकडची शेवटी." आणि तिने हात लांब करून सरळ फळाकडे बोट दाखवलं. आईने तोंड उघडलं. अंबादासने आईकडे पाहून मान हलवली, आणि इंदिराचं बोट जिकडे वळेल तिकडच्या काचा तो लावत गेला.

लढाई संपेपर्यंत तो घरीच होता. त्याबद्दल त्याला जाब विचारला गेला. त्याने "बायको आजारी होती" एवढंच सांगितलं आणि बढती बरीच मागे गेली. कळा थांबल्या, पण रोज दुपारी पुन्हा येतील या भीतीत ते घर कितीतरी दिवस हळू बोलत होतं.

फळ नारळाएवढं झालं आणि देठाजवळ सडलं. थंडीने म्हणा, अंधाराने म्हणा. आईचं म्हणणं शेवटपर्यंत एकच होतं, बोटाने. माघात इंदिराला मुलगी झाली, अगदी लहानखुरी, पण खणखणीत आवाजाची. तिचं नाव नर्मदा ठेवलं. मुलगी वर्षाची झाली त्यानंतरच्या उन्हाळ्यात टरबुजांची हातगाडी गल्लीत आली तेव्हा तिला कडेवर घेऊन अंबादास रस्ता न ओलांडता तिथेच उभा राहिला. मुलीने हात पुढे करून सगळ्यांत मोठ्या फळावर बोट ठेवलं, आणि त्याने तेच घेतलं.