दुसऱ्याच्या श्वासनळ्या

हार्बर्टनं आजवर एप्पोच्या बऱ्याच गोष्टींवर जळून पाहिलं होतं: एप्पोचे केस, एप्पोचे बटाटे, एप्पोच्या कोंबड्या, आणि मुख्य म्हणजे बर्फावरची एप्पोची पाठ. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन प्रांतातल्या त्या गावात कालवा गोठला, की दोघं स्केट बांधून पवनचक्कीपर्यंत जाऊन येत. पंचावन्न वर्षांत एकही बर्फाचा हिवाळा चुकला नव्हता, आणि त्या पाठीपलीकडचं निसर्गसौंदर्य हार्बर्टला कधी दिसलं नव्हतं. पण एक्काहत्तराव्या वर्षी मित्राच्या श्वासनळ्यांवरून आपल्या पोटात दुखेल, हे मात्र त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

वास्तविक दोघांचं सगळं सारखं. पेंढ्याचा पुठ्ठा करणाऱ्या एकाच कारखान्यात धूळ खाल्ली, एकाच पुडीतली तंबाखू कागदात वळून ओढली, एकाच वर्षी सोडली. शहरातल्या इस्पितळानं फुप्फुसांच्या अभ्यासासाठी दोघांनाही बोलावलं. घशातून नळी आत, श्वासनळीचा तिळाएवढा तुकडा बाहेर. एवढं होऊन एप्पो जिना शीळ घालत चढतो आणि हार्बर्टला त्याच जिन्यावर तीन मुक्काम करावे लागतात! हा कुठला न्याय?

डॉक्टरीणबाईंनी न्याय समजावून सांगितला. “धुरानं आतली भिंत सोलवटते, काका. मग शरीर एक प्रथिन सोडतं. तो मुकादम समजा. तो गवंड्यांना हाका मारतो, लिंपा रे! लिंपून झालं की त्यानं घरी जायचं. तुमचा जातच नाही. भिंत जाड होत चालली आणि वाट अरुंद.”

“आणि एप्पोचा?”

“दुसऱ्या पेशंटबद्दल मी बोलत नाही.”

“म्हणजे पाचच्या ठोक्याला घरी जातो!” हार्बर्ट म्हणाला.

घरी येऊन त्यानं बायकोपुढे, यांतिनापुढे, गाऱ्हाणं मांडलं. “एप्पो जन्माचा कामचुकार. त्याचा मुकादमही तसलाच. आमच्या घराण्यात मात्र हातातलं काम कोणी सोडत नाही.”

“मग त्या मुकादमाला परसातलं कुंपण लावायला सांग. दोन वर्षं आडवं पडलंय.”

जानेवारीत कडाका पडला. बर्फ पुरेसं जाड झाल्याचा स्केटिंग मंडळाचा झेंडा वर चढला. नुसत्या पायांवर पवनचक्की गाठणं आता हार्बर्टला जमणार नव्हतं. एप्पो मात्र जाणार. एकटा जाणार!

यांतिनानं स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची पुढे केली. “हिला धरून जा. ओणवं राहिलं की दम कमी लागतो, शिकवलंय ना तुला व्यायामाच्या वर्गात?”

“खुर्ची ढकलत? चार वर्षांची पोरं शिकतात तसं? अख्ख्या गावासमोर?”

“मग घरीच बस. त्याच खुर्चीवर.”

तेवढ्यात एप्पो आला. दारातूनच त्यानं सगळं ऐकलं होतं. कॉफी झाली, प्रत्येकी एक बिस्किट झालं, डबा मिटला. एप्पो एका दमात लांबलचक वाक्यं बोलत होता आणि हार्बर्ट प्रत्येक वाक्य कपाळाला आठ्या घालून मोजत होता.

“माझा गुडघा गेला रे,” एप्पो म्हणाला. “डावा. उभं राहवत नाही. कोणी ढकलत नेलं तरच यंदा पवनचक्की दिसेल.”

हार्बर्टचा चेहरा असा उजळला, की यांतिनाला लाज वाटली.

काठावरून सारं गाव बघत होतं. खुर्चीत मांडीवर घोंगडी घेतलेला एप्पो, मागे खुर्चीची पाठ पकडून ओणवा हार्बर्ट. गरम चॉकलेटच्या टपरीवाली ओरडली, “एप्पो, तुला काय झालं रे?”

“गुडघा!” उत्तर हार्बर्टनं दिलं. “म्हातारपण! मी आहे म्हणून बरं!” दर वीस ढकलींमागे तो थांबे, ओठांचा चंबू करून श्वास सोडे, आणि वर एप्पोलाच विचारे, “दमलास का?” पण पवनचक्की आली.

तिथं वाऱ्यानं एप्पोची टोपी उडवली. एप्पो टुणकन उठला, दोन्ही गुडघ्यांवर बसून टोपी पकडली आणि वळला. हार्बर्ट त्याच्याकडे पाहत उभा होता.

“गुडघा?”

“बरा झाला वाटतं. तू ढकललंस ना, त्यानं.”

हार्बर्टला त्या लेकाच्याला तिथंच सोडून जावंसं वाटलं. पण सोडून जायलाही खुर्ची लागणार होती. शिवाय खरा जळफळाट खोटेपणाचा नव्हताच. असलं काही सुचायचं ते याला सुचलं. आपल्याला का नाही सुचलं? चांगुलपणातसुद्धा हा आपला पुढेच!

“बस गपचूप,” तो म्हणाला. “आणि टपरीपाशी उतरलास की लंगडायला विसरू नकोस.”

एप्पो बसला. हार्बर्टनं दम गोळा केला, मान वर केली, तर समोर तीच, पंचावन्न वर्षांची, एप्पोची पाठ.

“पूर्वी निदान पळायचास तरी, लेका,” तो खुर्ची ढकलत पुटपुटला. “आता बसूनसुद्धा पुढे!”