वाकायचे दिवस संपले

"बायांनो, वाकायचे दिवस संपले."

डॉक्टर हे शेताच्या मेरेवर, बांधावर उभे राहून म्हणायचे. दोन्ही हात कमरेवर, पाठ कवायतीला उभी केल्यासारखी ताठ, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. समोर माझ्या शेतात रोजावर आलेली सगुणा आणि तिच्या बाया ओणव्या होऊन तण उपटत असायच्या. ज्यांना ही सुवार्ता द्यायची त्यांची तोंडं चिखलाकडे. त्यामुळे ती दर वेळी मळ्यातल्या बगळ्यांनाच मिळायची, आणि बगळे काही वाकायचे थांबले नाहीत.

गोव्यात पेडण्याकडे, हळर्णच्या वाटेवर आमचं घर. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा बाहेरची खोली रिकामी होती, ती डॉक्टरांनी भाड्याने घेतली आणि माझ्या जनेलासमोरचा, खिडकीतून दिसणारा शेताचा तुकडा त्यांच्या संशोधन केंद्राने. डॉक्टर मूळचे डिचोलीचे, पण शिक्षणासाठी इतकी वर्षं बाहेर काढलेली की कोकणी बोलतानासुद्धा आधी मनात मसुदा करत असावेत. डॉक्टर आले म्हटल्यावर पहिल्याच आठवड्यात सगुणा आपला गुडघा घेऊन दारात हजर.

"मी माणसांचा डॉक्टर नव्हे. भाताचा," ते म्हणाले.

"मगे भाताक कितें जालां?" सगुणाने काळजीने विचारलं.

भाताला काही झालं नव्हतं. यांनीच त्याला काहीतरी केलं होतं. बियाण्यात एक परका जनुक घातला होता. शेतावर तणनाशक मारलं की तण मरावं आणि भात तेवढा जगावा, एवढ्यासाठी या गृहस्थाने प्रयोगशाळेत अर्धं आयुष्य घालवलं होतं. लग्न करायचं राहून गेलं ते त्यातच. आता प्रथमच ते भात उघड्या आभाळाखाली लावायला सरकारने परवानगी दिली होती आणि त्यावर अटींचा डोंगर ठेवला होता. मुख्य अट अशी की या भाताचा एक दाणाही कुंपणाबाहेर जायचा नाही. गेला तर प्रयोग बंद, उभं पीक जाळायचं.

म्हणून डॉक्टरांचं दुसरं पालुपद, "एक दाणासुद्धा नाही." भोवती कुंपण, वर पाखरांसाठी जाळी, दारात बूट धुवायला टाकी, आणि पहाऱ्याला सिंधुदुर्गातला एक रखवालदार. एकदा मी कुतूहलाने आत डोकावून आले तर माझ्या साडीच्या निऱ्या झटकून घेतल्या. चिमणी जाळीवर बसली की हा माणूस तिच्याकडे असा बघायचा की चिमणीलाच लाज वाटावी. आम्ही हसायचो. देशाची सरहद्द राखणाऱ्यांनाही एवढी चिंता नसेल.

आषाढात त्यांनी तणावर वखद, म्हणजे औषध मारलं आणि आठवड्याने सगळ्या वाड्याला, अख्ख्या वस्तीला कुंपणाबाहेर उभं करून दाखवलं. खरं ते खरं म्हणायला हवं. तण पिवळं पडून आडवं झालं होतं आणि भात हिरवागार उभा होता. डॉक्टरांचा चेहरा बारशाच्या दिवशीच्या बापासारखा झाला होता.

"आता तुम्हाला विश्रांती," ते सगुणाला म्हणाले.

"विश्रांतीची रोजी कोण दितलो?" सगुणाने विचारलं.

डॉक्टर हसले. त्यांना तो विनोद वाटला. शिकलेल्या माणसाला अडचणीचा प्रश्न विनोदी वाटतो हे मी नोकरीत असताना पुष्कळ पाहिलं आहे.

त्या वर्षी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, उशिरा आली. डॉक्टरांची जात हळवी, लवकर पिकणारी. त्यामुळे सगळ्या मळ्यात आमची भातं अजून हिरवी आणि यांचं तेवढं सोन्यासारखं पिवळं. चवथ झाली की अधिकारी येणार, मोजून कापणी होणार, आणि मग डॉक्टरांचं नाव होणार.

तुम्ही गोव्याचे असाल तर पुढचं तुम्हाला कळलंच असेल. नसाल तर सांगते. चवथीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नवें करतात. शेतातली नवी कणसं आणायची, गणपतीपुढे पुजायची आणि दाराला बांधायची. ज्याचं आधी पिकलं त्याच्या शेतातून सगळा वाडा कणसं नेतो. कुणी विचारत नाही आणि कुणी नको म्हणत नाही. डॉक्टरांनी चिमण्यांचा विचार केला होता, उंदरांचा केला होता, माझ्या निऱ्यांचा केला होता. आपल्या गोव्यात चवथ असते हा विचार तेवढा राहिला.

चवथीच्या आदल्या दिवशी दुपारीच रखवालदार गणपतीसाठी गावी पळाला. डॉक्टरही सायंकाळी डिचोलीला निघाले. दिवस मावळताना मी जनेलात उभी होते. त्यांनी गाडी थांबवली, इकडेतिकडे पाहिलं, जाळी उचलली आणि ताठ पाठीचे आमचे डॉक्टर चक्क कमरेत वाकून आत शिरले. खिशातल्या कात्रीने पाच कणसं कापली, हळदीच्या पानात गुंडाळली आणि निघून गेले. पाणंदीतून सगुणा येत होती. तिनेही पाहिलं.

मग काय विचारता. मालकानेच नवें काढलं म्हणजे सगळ्यांना मोकळीक. नव्याच्या दिवशी सकाळी अख्खा वाडा न्हाऊनधुऊन जाळीखाली. मीही दोन कणसं आणली. दारावर आंब्याच्या पानांत ती काय शोभत होती म्हणून सांगू.

त्यांचा गणपती दीड दिवसांचा. विसर्जन करून डॉक्टर परतले आणि शेताकडे बघून मेरेवरच बसले. मग उठून एक प्लास्टिकची पिशवी घेतली आणि घरोघर फिरू लागले. आमच्याकडचे गणपती पाच दिवसांचे, सगळे अजून बसलेले. चवथीला दारात आलेल्या माणसाच्या हातावर काही न ठेवता त्याला कोण सोडतं? प्रत्येक घरात ते आधी नेवरी, म्हणजे करंजी, खायचे आणि मग कणीस मागायचे. नेवरी मिळायची, कणीस मिळायचं नाही.

"देवाक बांदलेलां सोडूंक जायना," म्हाताऱ्या म्हणायच्या.

"त्यात बाहेरचा जनुक आहे हो."

"विखारी आसा?"

"नाही, तसं नाही."

"मगे बांदलेलां आसां दी."

असू दे म्हटलं की भाताचे डॉक्टर रिकाम्या पिशवीनिशी पुढच्या दारात. मी गंमत बघायला मागोमाग चालले होते, लपवायचं कशाला. शेवटी सगुणाच्या दारात आलो. तिने नेवऱ्यांची ताटली पुढे केली आणि विचारलं, "डॉक्टर, तुमच्या दारार कितें बांदलां?"

हातातली नेवरी त्यांनी ताटलीत परत ठेवली. मग तिच्याच पायरीवर बसले. पहिल्यांदाच त्यांची पाठ मला गोल झालेली दिसली.

"आई म्हणाली, एवढी वर्षं भात भात करतोस," ते खाली बघून म्हणाले, "घरच्या देवाला तुझ्या हातचं कणीस कधी दिसणार? तिचं आता वय झालं आहे, बाई."

सगुणाने ताटली खाली ठेवली, गणपतीकडे बघून हात जोडले आणि दारावरचं कणीस स्वतः सोडून त्यांच्या पिशवीत टाकलं. ते पाहून मग एकेक घर सोडत गेलं. मीही सोडलं. माझ्या कणसांतले काही दाणे चिमण्यांनी आधीच टिपले-सांडले होते, पण त्या वेळी त्यांना ते सांगायचा धीर मला झाला नाही.

पिशवी भरली. डिचोलीची पाच कणसं तेवढी राहिली. आईने ती सोडू दिली नाहीत आणि हा मुलगा तिच्या दारावरून ती ओढून काढायला तयार नव्हता. अधिकारी आले तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टर, पाच कणसांचं कोण विचारतंय? गप्प बसा." त्यांनी साहेबांना पहिलं वाक्य सांगितलं ते त्या पाच कणसांचंच. साहेबही वैतागले. खरं ऐकायला ते आले नव्हते.

त्याच आठवड्यात शेत जाळलं. डॉक्टर मेरेवर उभे होते, हात कमरेवर नव्हते. मला रडू आलं आणि त्याचा मला रागही आला. इतके दिवस ज्याला हसलो त्याच्यासाठी रडायचं म्हणजे कठीणच. पुढे त्यांना दूर कुठेतरी कचेरीत बसवलं असं ऐकलं. रबरी बूट इथेच राहिले.

यंदा पावसाळ्यात दारापुढच्या खळ्यात रान माजलं. वाकायला आता माझी कंबर साथ देत नाही, म्हणून पेडण्याच्या बाजारातून डॉक्टर मारायचे तसलंच तणनाशक आणवलं आणि सगुणाकडून मारून घेतलं. आठवड्यात सगळं पिवळं पडलं. दाराच्या पायरीपाशी मात्र, जिथे वर कणसं बांधली होती, तिथे दोन रोपं हिरवीगार उभी. भाताची.

सगुणाने एका रोपाचं पान बोटांत धरून पाहिलं. "डॉक्टराचां," ती म्हणाली. "आसां दी. चवथीक जातलां."

असू द्यावीत, चवथीला कणसं होतील, हे माझ्याही मनात आलं. मग पाच कणसांसाठी सगळं घालवलेला तो माणूस आठवला. त्याला कळवावं असंही वाटलं, पण काय कळवणार? तुमचं भात जगलं म्हणून, की दाणा बाहेर गेला म्हणून?

वखदाने ती मरणार नव्हतीच. मी पायरीला हात टेकून वाकले आणि दोन्ही रोपं मुळासकट हाताने उपटून चुलीत घातली.